तंतुकणिका आणि हरितलवकं मुळात जीवाणू होती का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर येणारे बहुतेक प्रश्न एकाच चित्रापाशी अडतात. मोठी पेशी लहान जीवाणूला गिळते, जीवाणू आत राहतो, आणि पुढच्या चौकटीत तो तंतुकणिका झालेला असतो. दोन चौकटींच्या मध्ये जे घडलं तेच सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर आहे, म्हणून प्रश्न ७ ते १० यांची उत्तरं मुद्दाम लांबवली आहेत. घाई असेल तर तीच आधी वाचा.

१. अंतःसहजीवन सिद्धांत थोडक्यात काय सांगतो?

आपल्या पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, या एकेकाळी स्वतंत्र जगणाऱ्या जीवाणूंच्या वंशज आहेत. वनस्पती आणि शैवालांतली हरितलवकं ही सायनोबॅक्टेरियांची वंशज आहेत (यांनाच पूर्वी नीलहरित शैवाल म्हणत). हे जीवाणू दुसऱ्या पेशीच्या आत पोहोचले, तिथेच पिढ्यानपिढ्या विभागत राहिले आणि हळूहळू स्वतंत्र जगण्याची क्षमता गमावून त्या पेशीची अंगकं, म्हणजे ठरावीक काम करणारे भाग, झाले.

२. पण याला पुरावा काय? दिसायला सारखे आहेत एवढंच ना?

नाही. दिसण्यावरून केलेला युक्तिवाद मलाही कमजोर वाटतो. दोन आवरणं आहेत, आकार जीवाणूएवढा आहे, एवढ्यावर कोणी विश्वास ठेवू नये.

सर्वांत भक्कम पुरावा जनुकांच्या क्रमाचा आहे. रायबोझोममध्ये, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रात, एक आरएनए असा असतो की तो सर्व सजीवांत सापडतो आणि फार सावकाश बदलतो, त्यामुळे दूरची नाती शोधायला तो उपयोगी पडतो. १९७५ मध्ये हरितलवकातल्या या आरएनएचे तुकडे ताडून पाहिले गेले. ते ज्या पेशीत हरितलवक राहतं तिच्या केंद्रकाशी जुळले नाहीत, जीवाणूंशी जुळले, आणि त्यातही सायनोबॅक्टेरियांशी. तंतुकणिकांचा माग अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या जीवाणूगटापर्यंत लागला. त्या गटाच्या आतलीच ही एक फांदी आहे की गटाला लागून फुटलेली वेगळी फांदी, यावर आजही वाद आहे. टायफस तापाचा जीवाणू रिकेट्सिया याच गटातला. १९९८ मध्ये त्याचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा ऊर्जानिर्मितीच्या जनुकांतलं साम्य ठळकपणे दिसलं. याचा अर्थ तंतुकणिका टायफसच्या जीवाणूपासून आल्या असा नाही. दोघांचे पूर्वज एकाच कुळातले होते, इतकंच.

बाकीचे पुरावे याच दिशेने जातात. दोन्ही अंगकांना स्वतःचा डीएनए आहे. त्यांचे रायबोझोम पेशीद्रव्यातल्या रायबोझोमपेक्षा जीवाणूंच्या रायबोझोमला जवळचे आहेत. पेशी ती नव्याने घडवत नाही. असलेल्या अंगकाचं विभाजन होऊनच दुसरं तयार होतं. हरितलवकाच्या विभाजनात एफटीएसझेड नावाचं प्रथिन कडं तयार करतं, आणि जीवाणूंच्या विभाजनातही हेच प्रथिन हेच काम करतं. बाह्य आवरणात पिंपाच्या आकाराची प्रथिनं आहेत, तशीच ती दुहेरी आवरणाच्या जीवाणूंतही आहेत. ग्लॉकोफाइट नावाच्या शैवालांत तर हरितलवकाभोवती जीवाणूंच्या पेशीभित्तिकेतला पेप्टिडोग्लायकनचा थर अजून शिल्लक आहे. मला व्यक्तिशः हा पुरावा फार भावतो. घर बदललं तरी अंगावरचा जुना कपडा तसाच राहावा, तसं ते आहे.

३. ही कल्पना जीवशास्त्रज्ञ लिन मार्गुलिस यांचीच ना?

मूळ कल्पना त्यांच्या आधीची आहे. हरितलवकं पेशीत नव्याने घडत नाहीत, विभागून वाढतात, हे आंद्रेआस शिंपर यांनी १८८३ मध्येच नोंदवलं होतं. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉन्स्टँटिन मेरेझकोव्स्की यांनी १९०५ मध्ये हरितलवकांचं मूळ सायनोबॅक्टेरियांत आहे असं स्पष्टपणे मांडलं. तंतुकणिकांबद्दल १९२० च्या दशकात अमेरिकेतले आयव्हन वॉलिन हेच म्हणत होते. पण तंतुकणिका पेशीबाहेर वाढवून दाखवल्या, हा त्यांचा दावा टिकला नाही आणि त्याबरोबर कल्पनाही बाजूला पडली.

मग १९६२-६३ च्या सुमारास हरितलवकांत आणि तंतुकणिकांत डीएनए असल्याचं दिसलं. १९६७ मध्ये लिन मार्गुलिस यांचा लेख लिन सेगन या तेव्हाच्या नावाने छापून आला. त्याआधी तो सुमारे पंधरा नियतकालिकांनी परत पाठवला होता. विखुरलेल्या निरीक्षणांना त्यांनी पारखता येईल अशा सिद्धांताचं रूप दिलं आणि विरोध होत असताना तो लावून धरला. त्यांचं श्रेय त्यात आहे, आणि ते लहान नाही.

४. गिळलं, तर मग पचलं कसं नाही?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. आधी हे लक्षात घ्या की पेशीत शिरलेला प्रत्येक जीवाणू पचतोच असं नाही. रिकेट्सिया ज्या पिशवीतून आत येतो ती फोडून पेशीद्रव्यात निसटतो. लिजिओनेला हा जीवाणू पिशवीतच राहतो, पण पचनाची यंत्रणा तिथवर पोहोचू देत नाही. अब्जावधी वेळा पचन झालं असेल आणि क्वचित कधी झालं नसेल, तर त्या अपवादांचेच वंशज आपल्यासमोर उरणार.

दुसरं म्हणजे, तंतुकणिकांच्या बाबतीत ‘गिळणं’ घडलंच होतं असं गृहीत धरायची गरज नाही. गिळायला लवचीक आवरण, पेशीचा सांगाडा आणि भरपूर ऊर्जा लागते, आणि ते सगळं तेव्हाच्या यजमानाकडे होतं का हाच तर वाद आहे. १९९८ मध्ये विल्यम मार्टिन आणि मिक्लोस म्युलर यांनी वेगळी शक्यता मांडली. एक जीवाणू हायड्रोजन बाहेर टाकत होता आणि शेजारच्या पेशीला तोच हायड्रोजन जगायला हवा होता. शेजारीण त्याला अधिकाधिक बिलगत गेली आणि शेवटी तिने त्याला पूर्ण वेढलं. ही देवाणघेवाण असेल तर पचवण्याचा प्रश्नच येत नाही.

गिळण्याची यंत्रणा नसलेल्या पेशीत दुसरी पेशी शिरूच शकत नाही, असंही नाही. पिठ्या ढेकणांच्या शरीरात एका जीवाणूच्या आत दुसरा जीवाणू राहतो, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं आहे.

हरितलवकांची गोष्ट वेगळी. तिथला यजमान आधीच केंद्रक आणि तंतुकणिका असलेली, खाद्य गिळणारी पेशी होता. तिथे ‘गिळलं’ हा शब्द बिनधास्त वापरा.

५. मग तंतुकणिकांचा तो यजमान कोण होता?

आर्किया या गटातली पेशी. हे सूक्ष्मजीव दिसतात जीवाणूंसारखे, पण त्यांची वंशवेल वेगळी आहे. २०१५ मध्ये आर्क्टिक महासागरातल्या ‘लोकीज कॅसल’ या उष्णजल-विवराजवळच्या गाळातून मिळालेल्या डीएनएत लोकीआर्किया सापडले. पेशीचा सांगाडा आणि आवरणांची हालचाल यांच्याशी संबंधित अशी कितीतरी जनुकं त्यांच्यात निघाली, जी तोवर फक्त आपल्यासारख्या दृश्यकेंद्रकी, म्हणजे केंद्रक असलेल्या, पेशींची मिरास मानली जात. या साऱ्या गटाला आता आसगार्ड आर्किया म्हणतात.

त्यातला एक सजीव जपानमधल्या संशोधकांनी बारा वर्षांच्या चिकाटीनंतर प्रयोगशाळेत वाढवला आणि २०२० मध्ये त्याचं वर्णन छापलं. तो दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस घेतो. त्याच्या पेशीत कोणतीही अंगकं नाहीत, पण बाहेर फांद्यांसारखे लांब हात फुटलेले आहेत, आणि त्याने सोडलेला हायड्रोजन वापरणाऱ्या जोडीदाराशिवाय तो वाढत नाही. प्रश्न ४ मधल्या हायड्रोजनच्या देवाणघेवाणीत इथे देणारा आणि घेणारा उलटे झाले आहेत, पण जोडीने जगण्याची रीत तीच आहे.

६. आधी कोण आलं, तंतुकणिका की हरितलवक? आणि किती वेळा?

आधी तंतुकणिका. सर्व दृश्यकेंद्रकी सजीवांकडे त्या आहेत किंवा एकेकाळी होत्या (अपवादांसाठी प्रश्न १४), तर हरितलवकं त्यातल्या काही शाखांतच आहेत. दृश्यकेंद्रकी मानले जाणारे सर्वांत जुने जीवाश्म सुमारे १६५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. बँगिओमॉर्फा या लाल शैवालाचा जीवाश्म सुमारे १०५ कोटी वर्षांचा आहे, म्हणजे तोवर हरितलवकं आलेली होती.

तंतुकणिका एकदाच निर्माण झाल्या. हरितलवकं मुळात एकदा, आणि मग एकदा फार उशिरा, पूर्णपणे स्वतंत्रपणे. तो दुसरा प्रसंग प्रश्न १० मध्ये आहे.

७. मुळात जीवाणू आहेत, तर तंतुकणिका बाहेर काढून बशीत वाढवता येतील का?

येणार नाहीत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे.

माणसाच्या तंतुकणिकेतला डीएनए १६,५६९ अक्षरांचा आहे. त्यात ३७ जनुकं आहेत आणि त्यातून फक्त १३ प्रथिनं तयार होतात. तंतुकणिकेत प्रत्यक्ष काम करणारी प्रथिनं मात्र अकराशेहून अधिक आहेत. उरलेल्या सगळ्यांची जनुकं केंद्रकात आहेत. प्रथिनं पेशीद्रव्यात तयार होतात आणि तिथून तंतुकणिकेत पोहोचवली जातात. स्वतःचा डीएनए दुरुस्त करणारी विकरंसुद्धा तंतुकणिकेला बाहेरून मिळतात.

जनुकं केंद्रकात गेली कशी? अधूनमधून एखादी तंतुकणिका किंवा हरितलवक फुटतं, त्याच्या डीएनएचा तुकडा केंद्रकात पोहोचतो आणि गुणसूत्रात चिकटतो. हे आजही चालू आहे. तंबाखूच्या झाडांवर २००३ मध्ये केलेल्या प्रयोगात हरितलवकात घातलेलं एक जनुक साधारण १६,००० परागकणांपैकी एकात केंद्रकात गेलेलं आढळलं. इतकं वारंवार! आपल्या गुणसूत्रांतही तंतुकणिकांच्या डीएनएचे निकामी तुकडे जागोजागी पडलेले आहेत.

पण जनुक केंद्रकात पोहोचलं म्हणजे काम झालं, असं नाही. त्यापासून बनलेलं प्रथिन परत आत जायला हवं. त्यासाठी प्रथिनाच्या टोकाला एक छोटा तुकडा लागतो, पत्रावरच्या पत्त्यासारखा. आणि तो पत्ता वाचून प्रथिनाला आत ओढणारी दारं तंतुकणिकेच्या दोन्ही आवरणांत हवीत. माझ्या मते अंतःसहजीवनाची खरी किल्ली ही दारं आहेत. ती तयार झाली त्या दिवशी पाहुण्याचा कारभार यजमानाच्या हाती गेला. गिळणं ही घटना एका दिवसाची, हे काम लाखो पिढ्यांचं.

इथे एक गैरसमज नेहमी आढळतो. केंद्रकातून येणारी तंतुकणिकेची सर्वच प्रथिनं मूळ जीवाणूची नाहीत. बरीच यजमानाच्या जनुकांतून आली, काही तर तिसऱ्याच जीवाणूंकडून. आजची तंतुकणिका जीवाणूची वंशज असली तरी तिचं बरंचसं सामान यजमानाच्या घरचं आहे.

८. मग ती १३ तरी मागे का राहिली? सगळीच का नाही गेली?

दोन स्पष्टीकरणं पुढे येतात. पहिलं असं की ही प्रथिनं पाण्यापासून दूर पळणारी, तेलकट स्वभावाची आहेत. पेशीद्रव्यात बनवून दारातून आत ओढताना ती भलत्याच आवरणात रुतण्याचा धोका आहे. दुसरं जॉन ॲलन यांचं. ऊर्जानिर्मितीची साखळी सुरळीत चालते की नाही, यावर जागच्या जागी नियंत्रण हवं असतं. हजारो तंतुकणिकांपैकी नेमक्या कोणत्या तंतुकणिकेत भाग कमी पडला, ते दूरच्या केंद्रकाला कळत नाही. दोन्ही खरी असू शकतात. मला दुसरं अधिक पटतं, कारण हरितलवकांतही नेमकी ऊर्जासाखळीच्या गाभ्याचीच जनुकं मागे राहिली आहेत.

भाषेचाही अडसर आहे. केंद्रकाच्या संकेतभाषेत यूजीए ही तीन अक्षरं म्हणजे ‘थांब’. आपल्या तंतुकणिकेत त्यांचा अर्थ ‘ट्रिप्टोफॅन जोड’. आज तिथलं जनुक जसंच्या तसं केंद्रकात नेलं तर त्याचं प्रथिन अर्धवट राहील.

सगळ्याच सजीवांत १३ उरली असंही नाही. रेक्लिनोमोनास या एकपेशीय सजीवाच्या तंतुकणिकेत ९७ जनुकं आहेत. दुसऱ्या टोकाला, सॅमन माशाच्या स्नायूंत राहणारा हेनेगुया हा परजीवी प्राणी. त्याच्या तंतुकणिकांत डीएनए मुळीच उरलेला नाही, हे २०२० मध्ये कळलं.

९. माव्याच्या शरीरातही जीवाणू कायमचे राहतात. त्यांना अंगक का म्हणत नाहीत?

मावा या किडीच्या खास पेशींत बुकनेरा नावाचा जीवाणू राहतो. तो किडीला अमिनो आम्लं पुरवतो, आईकडून पिलांत जातो, बाहेर जगू शकत नाही, आणि त्याचा जनुकसंच केवळ सुमारे ६,४०,००० अक्षरांवर आला आहे. म्हणजे परस्परावलंबन पूर्ण आहे. तरी त्याची प्रथिनं मुख्यतः तो स्वतःच तयार करतो. यजमानाच्या केंद्रकातून प्रथिनं आणवून स्वतःचा कारभार चालवणं, ही रूढ सीमारेषा त्याने ओलांडलेली नाही.

ही रेषा माणसांनी आखलेली आहे आणि निसर्गात ती धूसर आहे. काही कीटकांतल्या सहजीवींत यजमानाचं एखाददुसरं प्रथिन जाताना दिसलं आहे. ‘जीवाणू की अंगक’ असा हो-नाहीचा निकाल मागण्यापेक्षा तो वाटेवर कुठवर आला आहे, असं विचारणं मला योग्य वाटतं.

१०. आज, आपल्या डोळ्यांसमोर, असं काही घडतं आहे का?

घडतं आहे. तीन उदाहरणं देतो.

पॉलिनेला हा अमिबासारखा एकपेशीय सजीव १८९० च्या दशकात रॉबर्ट लाउटरबॉर्न यांनी शोधला. त्याच्या पोटात दोन हिरवी, वाकलेली अंगकं असतात. ती नेहमीच्या हरितलवकांच्या वंशातली नाहीत. सुमारे ९ ते १४ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्याच सायनोबॅक्टेरियापासून ती निर्माण झाली. त्यांच्यात प्रथिनांची साडेआठशेहून अधिक जनुकं अजून शिल्लक आहेत. नेहमीच्या हरितलवकात एकूण जनुकं बहुधा शंभर-सव्वाशेच्या आसपास असतात. आणि यजमानाची प्रथिनं त्यांच्यात जातात. म्हणजे प्रश्न ७ मधलं स्थलांतर इथे अर्ध्या वाटेवर दिसतं.

दुसरं उदाहरण ताजं आहे. ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी या सागरी शैवालात राहणारा एक सायनोबॅक्टेरिया हवेतला नायट्रोजन स्थिर करतो. तो यजमानाबरोबर ठरल्या वेळी विभागतो आणि बरीच प्रथिनं यजमानाकडून घेतो, हे २०२४ मध्ये दाखवलं गेलं. त्याला नायट्रोप्लास्ट असं नाव मिळालं आहे. त्याआधी नायट्रोजन स्थिर करणारं अंगक कोणत्याही दृश्यकेंद्रकी सजीवात माहीत नव्हतं.

तिसरं प्रयोगशाळेतलं. १९६६ मध्ये क्वांग जिऑन यांच्याकडच्या अमिबांना जीवाणूंचा संसर्ग झाला आणि बहुतेक मेले. मूठभर वाचले ते त्यांनी जपले. काही वर्षांनी त्यांचं केंद्रक काढून जीवाणू नसलेल्या अमिबात घातलं, तर तो जगेना. जीवाणूही दिले की जगे. रोगाचं रूपांतर गरजेत व्हायला कोट्यवधी वर्षं लागली नाहीत. हे जीवाणू अंगक झाले नाहीत, पण पहिलं पाऊल किती झटकन पडू शकतं ते यातून कळतं.

११. प्रतिजैविकं जीवाणूंना मारतात. मग तंतुकणिकांना त्रास होत नाही का?

काहींचा होतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि लिनेझोलिड जीवाणूंच्या रायबोझोमला अडवतात, आणि काही प्रमाणात तंतुकणिकांच्या रायबोझोमलाही. त्यांचे काही दुष्परिणाम यातूनच येतात. जेंटामायसिनसारख्या औषधांनी काही व्यक्तींची श्रवणशक्ती जाते. त्यातल्या काहींच्या तंतुकणिकेच्या डीएनएत १५५५ व्या जागी एक अक्षर बदललेलं असतं आणि त्यामुळे त्यांचा रायबोझोम जीवाणूंच्या रायबोझोमसारखा अधिक दिसतो. यावरून कोणी डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करू नये. आपले तंतुकणिका-रायबोझोम बरेच बदललेले आहेत आणि बहुतेक प्रतिजैविकं नेमून दिलेल्या मात्रेत त्यांना फारसं लागत नाहीत.

१२. काही शैवालांच्या हरितलवकाला चार आवरणं कशी?

कारण तिथे जीवाणू गिळलेला नाही. हरितलवक असलेलं अख्खं शैवाल दुसऱ्या पेशीने गिळलं आहे. पेटीत पेटी. क्रिप्टोफाइट शैवालांत त्या गिळलेल्या शैवालाचं केंद्रकसुद्धा आक्रसलेल्या रूपात उरलं आहे. गिलार्डिया थीटा या जातीत ते साडेपाच लाख अक्षरांचं आहे, तीन गुणसूत्रांसह.

याचं सर्वांत अनपेक्षित उदाहरण हिवतापाचा परजीवी, प्लाझमोडियम. त्याच्यात चार आवरणांचं, रंग गेलेलं लवक आहे, लाल शैवालाच्या वंशातलं. प्रकाशसंश्लेषण केव्हाच संपलं, तरी काही आवश्यक रसायनं तिथेच बनतात, म्हणून परजीवी ते टाकू शकत नाही. डॉक्सिसायक्लिन हिवतापावर चालतं ते याच जीवाणूवंशी अंगकाची प्रथिननिर्मिती थांबवून. परिणाम मात्र परजीवीच्या पुढच्या फेरीत दिसतो, त्यामुळे ते सावकाश काम करतं.

१३. केंद्रक, पेरॉक्सिझोम, कशाभिका हीसुद्धा जीवाणूच होती का?

कशाभिका, म्हणजे पेशीला हलवणाऱ्या चाबकासारख्या शेपट्या, स्पायरोकीट जीवाणूंपासून आल्या असं मार्गुलिस शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, पण त्याला जनुकांचा आधार मिळाला नाही. पेरॉक्सिझोमबद्दल ख्रिश्चन द दूव यांना तसं वाटत होतं. मात्र त्यांना डीएनए नाही आणि त्यांची आवरणं आंतरद्रव्यजालिकेतून नव्याने घडू शकतात. केंद्रकाचं आवरण कसं निर्माण झालं यावर अनेक मतं आहेत, एकमत नाही.

१४. तंतुकणिका नसलेल्या दृश्यकेंद्रकी पेशी आहेत म्हणे. मग सिद्धांत मोडला का?

नाही. जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी बरीच वर्षं तंतुकणिकेच्या आगमनाआधीचा अवशेष मानला जात होता. २००३ मध्ये त्याच्यात मायटोझोम नावाचे तंतुकणिकेचे खुरटलेले अवशेष सापडले. ट्रायकोमोनास या दुसऱ्या एकपेशीय परजीवीमध्ये हायड्रोजन सोडणारं हायड्रोजेनोझोम आहे, तेही तंतुकणिकेचंच रूप. खरोखर एकही अवशेष नसलेला सजीव म्हणजे चिंचिला या प्राण्याच्या आतड्यातला मोनोसर्कोमोनॉइडिस. त्याचं वर्णन २०१६ मध्ये झालं. त्याच्या जवळच्या नातेवाइकांत अवशेष आहेत, म्हणजे त्याने ते नंतर गमावले. लोह आणि गंधक यांचे समूह बांधण्याचं, तंतुकणिकेचं सहसा न टळणारं काम, तो दुसऱ्या जीवाणूंकडून आलेल्या जनुकांवर भागवतो.

१५. तंतुकणिका आईकडूनच का येतात? याचा या सिद्धांताशी संबंध आहे का?

थेट नाही. शुक्राणूतल्या तंतुकणिका फलनानंतर बहुतेक प्राण्यांत नष्ट केल्या जातात. काही शिंपल्यांत नर-पिलांना वडिलांच्या तंतुकणिका मिळतात, आणि सूचिपर्णी झाडांत हरितलवकं बहुधा परागातून येतात. सिद्धांताला एवढंच हवं की अंगक अंगकापासूनच यावं. ते कोणामार्फत यावं, याची अट नाही.

१६. हिरवी समुद्री गोगलगाय शैवालाची हरितलवकं चोरून वापरते. ती वनस्पती होण्याच्या वाटेवर आहे का?

एलिसिया क्लोरोटिका ही गोगलगाय व्हाउचेरिया शैवालाचा रस शोषते, बाकीचं पचवते आणि हरितलवकं आतड्याच्या पेशींत कित्येक महिने राखून ठेवते. शैवालाची जनुकं तिच्या केंद्रकात गेली आहेत, असा दावा २००८ मध्ये झाला होता. पण २०१३ मध्ये तिच्या अंड्यांतला डीएनए तपासला तेव्हा त्याला आधार मिळाला नाही. त्याच वर्षी तिच्या नात्यातल्या गोगलगायी अंधारातही महिनोन्‌महिने तगलेल्या दिसल्या, म्हणजे हरितलवकं काही अंशी साठवलेला शिधाच असावीत.

प्रश्न २ आणि ७ मधल्या दोन कसोट्या इथे लावून पाहा. यजमानाच्या केंद्रकातून प्रथिनपुरवठा नाही, आणि गोगलगायीत हरितलवकांचं विभाजनही होत नाही. तिच्या अंड्यांतून ती पुढे जात नाहीत. प्रत्येक पिलाला शैवाल शोधून पुन्हा सुरुवात करावी लागते.